परक्या भाषेंतलें गाणें

गाणें आवडावयास त्याची भाषा कळावी लागते काय? चाळिशी उलटेपर्यंत हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. ज्या घरांत मी वाढलों, तेथें नारायण वामन टिळकांचीं भजनें व रविवारची उपासना हेंच काय तें संगीत. शेजारच्या रेडिओवरील चित्रपटगीतें ऐकूं आलीं कीं वडिलांच्या कपाळावर आठी उमटे. मी शिक्षक झालों आणि ती आठी माझ्या कपाळीं आली.

तीन वर्षांपूर्वीं मधल्या सुटींत आठवीच्या वर्गांतील एक मुलगी कांहीं गुणगुणत होती.

"ही कोणती भाषा?" मीं विचारलें.

"जपानी, सर. क्यू साकामोतोचें गाणें आहे. एका चित्रपटांत ऐकलें."

"अर्थ कळतो?"

"नाहीं, सर."

"मग पोपटांत आणि तुझ्यांत अंतर तें काय?"

सारीं मुलें हंसलीं. मुलीनें मान खालीं घातली, आणि मी आपल्या विनोदावर संतुष्ट होऊन निघून गेलों.

त्याच पावसाळ्यांत माझे वडील प्रभूच्या घरीं गेले. थोरला मुलगा या नात्यानें चारचौघांत डोळ्यांस पाणी येऊं द्यावयाचें नाहीं, असा मीं निश्चय केला होता. एके रात्रीं झोंप येईना, तेव्हां त्या मुलीनें सांगितलेलें नांव आठवलें व तें गाणें मीं मोबाइलवर शोधून काढलें. गीत 1961 सालचें. चाल प्रसन्न, मध्यें शीळही घातलेली. पुढें त्याचें भाषांतर वाचलें आणि स्तब्ध झालों. आसवें गळूं नयेत म्हणून वर पाहत रात्रीं एकटाच चालणाऱ्या माणसाचें तें गाणें होतें! जी गोष्ट मी कोणापाशीं बोललों नव्हतों, ती एका परक्या गायकाला ठाऊक होती. त्या रात्रीं मी मोकळेपणानें रडलों.

मग अधिक वाचूं लागलों. हेंच गीत 1963 सालीं अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें. परंतु मूळ नांव उच्चारावयास अवघड म्हणून पाश्चात्य देशांत त्यास 'सुकियाकी' हें नांव देण्यांत आलें. सुकियाकी हा जपानी लोकांचा मांसाचा एक पदार्थ. विरहगीतास 'पुरणपोळी' म्हणावें, तसाच हा प्रकार!

झुलू भाषेंतील 'म्बुबे' या गाण्याची कथा याहून दुःखद आहे. मिशन शाळेंत शिकलेल्या सॉलोमन लिंडा यानें तें 1939 सालीं जोहान्सबर्ग येथें ध्वनिमुद्रित केलें. म्बुबे म्हणजे सिंह. त्यांतील 'उयिंबुबे' हा शब्द अमेरिकन गायकांस 'विमोवे' असा ऐकूं आला, आणि त्या निरर्थक शब्दासह गाणें जगभर गाजलें. लिंडा मात्र 1962 सालीं दारिद्र्यांत वारला. त्याच्या मुलींना कांहीं वांटा मिळावा अशी तडजोड होण्यास 2006 साल उजाडलें.

अर्थ न कळतां गाणें आवडणें हा दोष नव्हे. सूर हेंच तर त्या घराचें दार. परंतु दारांत उभें राहून आंत कोण राहतें हें न विचारणें, हा मात्र अपराध होय. माझी विद्यार्थिनी निदान दारापर्यंत गेली होती. मीं तर बाहेरूनच हेटाळणी केली.

शाळेंत परत गेलों त्या दिवशीं वर्गासमोर मीं तिची क्षमा मागितली. तेव्हांपासून दर शनिवारीं शेवटच्या तासास एक विद्यार्थी कोणत्याही भाषेंतील गाणें म्हणतो, त्याचा अर्थ सांगतो, आणि ठाऊक असल्यास तें कोणीं रचिलें हेंही सांगतो. कोंकणी, तमिळ, स्पॅनिश, कोरियन अशीं गाणीं आम्हीं ऐकलीं. एका अबोल मुलानें आपल्या आईचें अहिराणी गाणें म्हटलें. घरची बोली ऐकून इतर हंसतील, या भीतीनें तो वर्षभर तोंड उघडीत नव्हता, हें मला त्या दिवशीं कळलें. त्यास ती भीति कोणीं शिकविली असेल, हें मीं स्वतःस विचारलें.

पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमेंत जमलेल्या लोकांनीं देवाचीं महत्कृत्यें आपापल्या भाषेंत ऐकिलीं, असें आपण पवित्र शास्त्रांत वाचतों. देवानें त्या सर्वांस एक भाषा शिकविली नाहीं. प्रत्येकाची भाषा राखली. बालमित्रांनो, परकें गाणें आवडलें तर खुशाल गुणगुणा. मात्र गाणाऱ्याचें नांव नीट उच्चारा, आणि तो काय सांगत आहे हें विचारल्यावांचून राहूं नका.