हिशेबाची ग्रामसभा

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला राज्यभरातून माणसं शिकायला येतात. डोंगरउतारावरचे सलग समतल चर बघतात, नालाबांधांची मापं वहीत उतरवून घेतात, फोटो काढतात. या गावाचं खरं कसब मात्र पावसाळा सरल्यावर भरणाऱ्या ग्रामसभेत आहे.

तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींची पातळी सगळ्यांसमोर येते. गावाचं क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला, तरी शिवारावर 97 लाख लिटरांहून अधिक पाणी पडतं. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, माणसांना नि जनावरांना वर्षभर लागेल किती, हे बघून उरेल त्यावर रब्बी ठरते. पाऊस कमी, तर पेराही कमी.

हे एका रात्रीत घडलेलं नाही. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार 1990च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळानं, दारूनं आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. शेजारच्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या जलसंधारणाचा धडा समोर होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान असे नियम आले. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हेही गावानं ठरवलं.

नुसती बंदी किती टिकते, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दारूबंदीनं दाखवलंच आहे. कुणीतरी घातलेल्या बंदीतून पळवाट सापडते. आपल्याच विहिरीची पातळी भर सभेत वाचली गेली, की वाद सरपंचाशी उरत नाही. ही रीत दुसऱ्या गावांना शिकवणाऱ्याचं कौशल्य इथेच लागतं: आकडा बोलू द्यायचा, आपण थोडं मागे सरायचं. बोलायला सरावलेल्या पुढाऱ्याला ते फार अवघड जातं.

जलसंधारणाच्या शिबिरांत चराची खोली नि उताराची मोजणी शिकवतात, ती हवीच. पण शेजाऱ्याला सगळ्यांदेखत ‘यंदा कांदा लावू नकोस’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधावर चहाला बसायचं, हेही शिकावं लागतं. शिबिरातला एक अख्खा दिवस त्यासाठी राखायला हवा. आकडे त्याच गावचे घ्यावेत, आणि ज्याचा पेरा घटणार आहे त्यालाच ते वाचायला सांगावेत.