पेटीवरचा आळ

आमच्या आचरे गावात साधारणतः दर चार वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल होतो आणि गावपळण ठरते. तीन दिवस आणि तीन रात्री माणसांनी, गुरांनी, कोंबड्यांनी, कुत्र्यांनीसुद्धा वेशीबाहेर जाऊन राहायचे आणि परतीचा कौल मिळाल्याखेरीज उंबरठा ओलांडायचा नाही, ही पूर्वापार वहिवाट गाव आजही निष्ठेने पाळतो. अशाच एका पळणीला आठ दिवस उरले असताना आमच्या जुन्या व्हॅनने गिअर घेण्याचे नाकारले. आईला गुडघ्यांमुळे चार पावले चालवत नव्हते. तिला, तिच्या अंथरुणाला, भांड्याकुंड्यांना आणि कोंबड्यांच्या खुराड्याला वेशीपलीकडच्या झोपडीपर्यंत नेणारे दुसरे वाहन आमच्यापाशी नव्हते.

ही गाडी म्हणजे 1984 साली मारुती व्हॅन म्हणून बाजारात आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने घरोघर परिचित झालेली जात. तीन सिलिंडरांचे 796 सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि गती मात्र मागच्या चाकांना. हापूसच्या पेट्या आणि नारळाच्या गोण्या वाहून जिने आमच्या घराचा संसार अक्षरशः ओढला, तिच्याविषयी मला ममत्व आहे.

तक्रार अशी, की सकाळी इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकू गेल्यास दांडा अडे. रिव्हर्स टाकताना दात कराकरा वाजत. आणि धावत्या गाडीत दुसरा मागावा तर चौथा पडे. तालुक्याच्या गावातील एका गॅरेजात गाडी नेली, तेव्हा तिथल्या माणसाने आवाज ऐकताक्षणीच गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा हुकूम सोडला. खर्चाचा आकडा मोठा होता, आणि त्याहून अधिक म्हणजे मुदत पंधरा दिवसांची होती. महसूल खात्यात कारकुनी करीत छत्तीस वर्षे काढलेल्या मला, जबानी न घेता दिलेला हा निकाल मान्य करवेना. गाडी तशीच धक्के खात परत आणली आणि वाडीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "इंजिन बंद आसताना गियर पडतत काय?" मी चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून दाखवले. एकदा दाताला दात भिडल्याने दांडा थबकला, पण गाडी तसूभर हलवताच तोही निमूट बसला. "मगे पेटयेर आळ कित्याक घालतास?" असे गिअरबॉक्सविषयी म्हणून त्यांनी इंजिन सुरू करविले, क्लच पुरता दाबून पाच-सहा सेकंद थांबावयास लावले आणि मग रिव्हर्स टाकण्यास सांगितले. कराकर झालीच. क्लच पूर्ण सुटला असता, तर तेवढ्या अवधीत इंजिनाकडून फिरणारा गिअरबॉक्समधील दांडा आपोआप स्थिर झाला असता आणि रिव्हर्स, ज्याला पुढच्या गिअरांसारखी वेग जुळवणारी पितळी कडी नसते, तोही मुकाट्याने बसला असता. दात ओरडत होते ते स्वतःच्या दोषाने नव्हे, तर क्लच इंजिनाची फिरकी तोडीत नव्हता म्हणून. माझ्या मते सगळ्या तपासाचे मर्म या एका कसोटीत आहे. तिला ना हत्यार लागते, ना खर्च.

खातरजमा म्हणून मिस्त्रींनी गिअरबॉक्सचे थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर घेतले. त्यात पितळेचा चमकता कण दिसला नाही. मग ते गाडीखाली शिरले. या गाडीचा क्लच केबलवर चालतो आणि ती केबल गाडीच्या तळाखालून जाते, जिथे चार महिने पावसाचा चिखल आणि बाराही महिने खारा वारा तिला झोंबत असतो. ताण वाढवण्याची चाकी आट्यांच्या अखेरीस पोहोचली होती, म्हणजे ओढून धरण्यास आता वावच उरला नव्हता. केबल उपसून काढली, तेव्हा आतल्या तारांपैकी निम्म्या गंजून तुटल्या होत्या. उरलेल्यांवर आमचा सारा भार होता.

नवी केबल कुडाळहून आणून बसवली, पेडलला बेताची ढील दिली, आणि पहिला व रिव्हर्स दोन्ही सुरळीत झाले. दुसऱ्याऐवजी चौथा पडण्याची खोड मात्र कायम राहिली. तोवर मी एकच आजार समजत होतो; वस्तुतः ते दोन होते. चालकापुढचा दांडा मागच्या गिअरबॉक्सशी लांब रॉडांनी जोडलेला असतो आणि त्यांच्या सांध्यांतली नायलॉनची बुशे झिजली, की हाताने दिलेली दिशा तिथवर पोहोचेपर्यंत चुकते. दांडा न्यूट्रलमध्येही वीतभर डोलत होता, हे मी कित्येक महिने पाहिले होते आणि त्याला वार्धक्य समजून सोडून दिले होते. बुशे बदलायला मिस्त्रींना अर्धा दिवसही लागला नाही.

पळणीच्या दिवशी आईला पुढच्या आसनावर बसवले, मागे खुराडे ठेवले. आमची पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यामुळे गाडी मागे घेतल्याखेरीज बाहेर पडत नाही. क्लच दाबला, थोडा थांबलो, रिव्हर्स टाकला. आवाज झाला तो फक्त कोंबड्यांचा.