हातभर वड आणि सोलापूरचं ऊन!

वड! अहो, खराखुरा वड! पारंब्यांसकट! आणि उंची किती, तर हातभर! शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडया घालायला हात लावू म्हणून गेले, आणि मग कोपऱ्यात हिरव्या शेडनेटखाली ती पसरट कुंडी दिसली, आणि मग कुरडया राहिल्या बाजूला आणि मी त्या झाडासमोर उकिडवी बसले ती उठेचना! काकू म्हणाल्या, "अगं, बोन्साय आहे. वीस वर्षांचं असेल." वीस वर्षांचं! आणि मी इतकी वर्षं या जिन्यावरून ये-जा करतेय!

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. कालपरवा शिकायला लागलेय, हात कच्चा आहे. पण जे कळलंय ते पोटात मावत नाहीये. म्हणून तुम्हीही चला की माझ्याबरोबर!

आधी त्या वडाजवळ या. आणखी जवळ! फांदीच्या टोकाला लालसर टोकदार कळी दिसतेय? तिच्यात नवं पान गुंडाळून बसलेलं असतं. ते उलगडलं की लाल आवरण गळून पडतं. रस्त्याकडेच्या मोठ्या वडावरही हेच घडतं, पण ते आपल्या डोक्यावर वीस फुटांवर! इथे ते नाकासमोर! एक पान खुडलं की पांढरा चीक येतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. आणि पारंब्या! कोरड्या हवेत त्या सहज फुटत नाहीत, फुटल्या तरी वाळतात. म्हणून काकूंनी काय केलंय बघा. शरबताची प्लास्टिकची नळी उभी चिरलीय, कोवळी पारंबी तिच्यात ठेवलीय, आत ओलसर शेवाळ भरलंय. नळीतल्या ओलाव्यात पारंबी वाढत वाढत मातीपर्यंत पोहोचते, आणि मग नळी काढून टाकायची, आणि मग ती पारंबी जाड होते आणि खांब बनते! हातभर झाडाचा खांब! पेमगिरीला, संगमनेर तालुक्यात, वडाच्या पारंब्यांनी केवढं रान व्यापलंय ते तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं असेल. तेच झाड हे! तोच स्वभाव!

अजून एक ऐका. वड-पिंपळाच्या कुळातली चार-पाच कोवळी रोपं एकत्र घट्ट बांधून ठेवली तर काही काळाने त्यांची खोडं एकमेकांत मिसळतात आणि एकच जाड खोड होतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोनदा विचारलं, "खरंच?" खरंच!

आणि मग मी टोरांटोच्या मावसबहिणीला फोन लावला, कारण तिच्याकडेही बोन्साय आहे हे मला माहीत होतं आणि तोवर मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं! तिने कॅमेरा फिरवला आणि मी बघतच राहिले. तिच्याकडे वडाच्याच कुळातलं एक झाड, फायकस. सप्टेंबर सरता सरता रात्रीचा पारा दहा-बारा अंशांकडे यायला लागला की झाड घरात! मग पुढचे सात-आठ महिने घरातच! खिडकीतलं ऊन पुरत नाही म्हणून वर दिवा, रोज बारा-चौदा तास. हीटरने हवा कोरडी होते म्हणून कुंडीखाली पाण्याचं ताट. दाराची गार झुळूक लागू नये म्हणून पडदा. अगदी बाळंतिणीची खोली! आणि एवढं करून जागा बदलली म्हणून झाड रुसतं आणि पानं गाळतं. ते मेलेलं नसतं, नव्या उजेडाला सरावायला वेळ घेतं. थंड देशांतली माणसं आपल्या झाडांसाठी एवढं करतात!

इटलीत मिलानजवळ पराबियागो नावाचं गाव आहे. तिथे क्रेस्पी बोन्साय संग्रहालय आहे, 1991 साली उघडलेलं. त्याच्या मधोमध काचेच्या दालनात एक प्रचंड बोन्साय आहे. हजार वर्षांपेक्षा जुनं आहे असं तिथले लोक सांगतात. आणि ते झाड कुठलं? फायकस! आपल्या वडा-पिंपळाचं भावंड! मिलानची थंडी सोसणार नाही म्हणून काचेआड! वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातही उष्ण देशांतल्या झाडांसाठी वेगळं काचघर आहे, हवाईच्या हारुओ कानेशिरो यांच्या नावाचं. आणि त्याच संग्रहालयात एक पाइन आहे, 1625 पासून जोपासलेलं! 1945 मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथेच, यामाकी कुटुंबाच्या अंगणात होतं. वाचलं! 1976 मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं आणि झाडाने काय सोसलंय ते तेव्हा सांगितलंही नाही. ते कळलं 2001 मध्ये! अंगावर काटा येतो! पण पाइनला हिवाळ्याची कडक थंडी लागते. ते आपल्याकडचं काम नाही. आपली झाडं ती, जी तिकडे काचेआड बसलीत!

आता लक्षात आलं का मी एवढी का नाचतेय? जगभर लोक ज्या झाडांना हिवाळा पार करून देण्यासाठी दिवे लावतात, ती सोलापुरात उघड्या गच्चीवर आरामात राहतात! जानेवारीत आपण गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालून जातो, पण वडाला त्या थंडीचं काही वाटत नाही. वाढ जरा मंदावते, पाणी कमी लागतं, एवढंच. आपला हिवाळा फुकट! आपली परीक्षा उलट्या बाजूला, एप्रिल-मेमध्ये, पारा 42-43 वर जातो तेव्हा. तिकडे झाड थंडीत आत, इकडे झाड उन्हाळ्यात आडोशाला!

काकूंची उन्हाळ्याची रीत मी वहीत उतरवून घेतलीय. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. वर शेडनेट. कुंडी तापलेल्या फरशीवर ठेवायची नाही, खाली विटा किंवा फळी हवी, कारण कुंडी पसरट, माती थोडी, आणि खालून वरून तापली की मुळं भाजतात. कुंडीभोवती ओलं गोणपाट. पाणी सकाळी लवकर आणि पुन्हा ऊन कलल्यावर. आणि तेही ठरलंय म्हणून ओतायचं नाही! आधी मातीत बोट खुपसायचं, वरचा थर कोरडा लागला की कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. पण एवढ्याशा कुंडीला लागतं किती? तांब्याभर! भाजी धुतलेलं पाणीही चालतं. तांब्याभर पाण्यात अख्खा वड!

आणि माती! सोलापूरची काळी माती कापसाला, ज्वारीला सोनं, पण या कुंडीत नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, मुळांना हवा मिळत नाही. इथे लागतो विटांचा चुरा! चाळून घ्यायचा, धूळ काढून टाकायची, बारीक खडे ठेवायचे, त्यात जाडसर वाळू आणि जुनं शेणखत. घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या विटा माझ्याकडे पडूनच होत्या, आणि मग मी हातोडी घेऊन बसले आणि घरातले सगळे बघायला आले!

झाड कुठून आणायचं? इथे तर मला सगळ्यात मोठा आनंद झाला. वर बघा! गच्चीच्या कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप असतंच की नाही? पक्षी फळ खातो, बी त्याच्या विष्ठेतून फटीत पडतं आणि तिथे चिमूटभर धुळीवर पिंपळ उगवतो. आपण एकीकडे भिंत फुटेल म्हणून घाबरतो, दुसरीकडे पिंपळ उपटायला हात धजत नाही. मग कुंडीत आणा! भिंतही वाचली, पिंपळही वाचला! फट ओली करून मुळासकट अलगद काढायचा. भिंत मात्र आपलीच हवी, भुईकोट किल्ल्याच्या तटाला हात लावायचा नाही! आणि त्याचं नवं पान बघा, तांबूस, चकचकीत, लांब टोकाचं!

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात. पूजा झाली की त्या कचऱ्यात जातात. त्यात एखादी ताजी, अंगठ्याएवढी जाड फांदी मिळाली तर लावून बघा! जाड फांदीला मुळं फुटतात आणि तो काळ ज्येष्ठाचा, पावसाच्या तोंडाचा, लागवडीला उत्तम. आणि पुढे कधीतरी फांदी विकत न आणता घरच्याच वडाला दोरा!

वड-पिंपळाची भीती वाटत असेल तर जेडपासून सुरुवात करा. बारीक, गोल, रसाळ पानं. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, तिकडे हत्ती ते आवडीने खातात! पानातच पाणी साठवतं, त्यामुळे आपलं ऊन आणि आपली विसराळू बोटं दोन्ही सोसतं. फांदी तोडायची, दोन-चार दिवस सावलीत जखम सुकू द्यायची आणि मग लावायची. चिंच घ्या! तिची पानं आधीच बारीक, त्यामुळे छोटं झाडही मोठ्या चिंचेसारखं दिसतं, आणि रात्री ती पानं मिटतात! बोगनवेल घ्या! आपण ज्याला रंगीत फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल मधोमध, पांढरं, इवलंसं. आजवर नीट पाहिलं होतं का?

आणि डाळिंब! आपल्या सोलापूरचं डाळिंब! राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, 2005 पासून. डाळिंबाचं खोड वय वाढेल तसं पीळ घेतं, त्यामुळे जगभरचे बोन्सायवाले त्याच्यावर जीव टाकतात. आणि यातली गंमत ऐका. आपला शेतकरी बहार धरतो म्हणजे काय करतो? पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ करतो आणि मग पाणी सोडतो, आणि मग नवी पालवी आणि फुलं फुटतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार! बोन्सायवाले वडावर याच वाटेने जातात. पाणी तोडत नाहीत, पण झाड धडधाकट असेल तर ऐन वाढीच्या दिवसांत कात्रीने पानं काढतात, देठ ठेवतात, आणि नवी पानं पहिल्यापेक्षा लहान येतात! पानं गेल्यावर झाड पुन्हा फुटतं हे ज्ञान मोहोळ-सांगोल्याच्या बागांमध्ये रोज वापरात आहे! मात्र पान लहान होतं, फळ होत नाही. हातभर झाडाला पूर्ण मापाचं डाळिंब! म्हणून कुंडीसाठी बुटक्या जातीचं रोप मागायचं, त्याची फळंच लहान असतात.

आणि बोन्साय घरात ठेवायचं? दिवाणखान्यात टीपॉयवर ते फार सुंदर दिसतं, मान्य! पण खिडकीपासून चार पावलं आत गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, झाडाला कळतं. पाहुणे आले, दोन दिवस आत आणलं, पुन्हा गच्चीवर. गच्ची नसेल तर पूर्वेची खिडकी, अगदी काचेला लागून, आणि अधूनमधून कुंडी थोडी फिरवायची.

"झाडाला खुजं ठेवणं पाप नाही का गं?" आमच्या आजीने विचारलंच. मी तिला काकूंकडे घेऊन गेले. दोन-तीन वर्षांनी मुळं छाटतात, नवी माती देतात, आणि मग नवी बारीक मुळं फुटतात आणि झाड जोमाने वाढतं. उपाशी ठेवलेलं झाड मरतं, ते बोन्साय होत नाही. तार गुंडाळली तरी सालीत रुतण्याआधी काढावी लागते, म्हणजे रोज बघावं लागतं. आजीने वडाची पानं एक एक करून पुसली आणि म्हणाली, "याला तर नातवंडापेक्षा जास्त जपतात!"

तर आता उठा! आजच गच्चीवर जा आणि कठड्याच्या फटी तपासा. पिंपळ दिसला तर पहिल्या पावसापर्यंत त्याला तिथेच राहू द्या, तोवर विटा फोडा, चुरा चाळा आणि तळाला भोक असलेली पसरट कुंडी शोधा. पहिला चांगला पाऊस झाला की रोप काढा आणि लावा. थंड देशांतल्या माणसांना जे झाड काचेआड जपावं लागतं, ते आपल्याकडे आपणहून उगवलंय. एक तरी लावाच!