खालचा कप्पा

एका पुस्तकावरून माणूस कळतो, हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. म्हणणाऱ्याला तर त्याहून बरं वाटत असावं. ते कुठे आणि कुणाच्या तोंडून ऐकलं ते जाऊ दे. ऐकल्यापासून येताजाता माझं लक्ष कपाटाकडे जायला लागलं आहे, एवढं मात्र खरं.

कपाट साधंच आहे. डोळ्यांच्या उंचीवर ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक नगरला राहिलेल्या, म्हणजे आमच्याच. (गाव आता कागदोपत्री अहिल्यानगर आहे, बोलताना तोंडात नगरच येतं.) त्यांच्या शेजारी संगमनेरच्या रंगनाथ पठारे यांचं ‘ताम्रपट’, पुढे हरिभाऊ आपटे, पेंडसे. मधल्या कप्प्यात ना. सं. इनामदार, रणजित देसाई. आणि गुडघ्याशी, जिथे वाकावं लागतं तिथे, नारायण धारप, रत्नाकर मतकरी, सुहास शिरवळकर, नारळीकरांच्या विज्ञानकथा. त्यांच्याही मागे एका खोक्यात बाबूराव अर्णाळकर आणि गुरुनाथ नाईक. ही मांडणी मी ठरवून केलेली नाही. घरं बदलली तरी पुस्तकं दरवेळी आपसूक अशीच लागली. कोण वर आणि कोण खाली हे हाताला कुणी शिकवलं, देव जाणे. झिजलेली पुस्तकं मात्र सगळी खालच्या कप्प्यात आहेत.

थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा. म्हण जुनी आहे, खोटीही नाही, पण मी सध्या हात धुऊन तिच्या मागे लागले आहे.

भाताच्या बाबतीत ती खरी का ठरते? पातेलं एक, पाणी एक, जाळ एक आणि तांदूळ एकाच पोत्यातला, म्हणून. एक शीत दाबलं की बाकीच्या सगळ्यांची खबर लागते. दोन जातींचे तांदूळ मिसळून बघा, शीत लगेच स्वतःपुरतंच बोलायला लागतं. माझी मामी अकोले तालुक्यातली, भाताच्या खाचरांच्या मुलखातली. तिकडे काळभातासारखे देशी वाण अजून टिकून आहेत. असंच जुनं बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मामीनं पेढे वाटले होते, जणू माहेरचंच कुणी परीक्षा पास झालं. तर ही मामी एका शितावर कधी विसंबली नाही. पळीनं एक वरून काढायची, एक तळातून, आणि दोन्ही बोटांत चिरडून बघायची. वरचं शीत लबाड असतं, म्हणायची.

ती लग्न होऊन नगरात आली, म्हणजे भाकरीच्या मुलखात आली. आता भाकरीला ही म्हण लावून बघा. पहिली भाकरी तवा तापण्यातच जाते. दुसरी बरी होते. तिसरी टम्म फुगते, पापुद्रा अलगद सुटतो. चौथीच्या वेळी जाळ मंदावलेला असतो आणि पाचवीच्या वेळी दारात कुणीतरी आलेलं असतं. पीठ जुनं असेल तर विरी गेलेली असते. मग थापतानाच कडेला चिरा पडतात आणि पाण्याचा हात फिरवून त्या बुजवत बसावं लागतं. एकाच काठवटीतल्या, एकाच हातच्या भाकऱ्या, पण एकीवरून दुसरीबद्दल छातीठोक काही सांगता येत नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी या बाजूला पिढ्यानपिढ्या ज्वारी-बाजरी खाऊन वाढलेल्या माणसांनाही भाताची ही म्हण तोंडपाठ असते, याचं मला आताशा नवल वाटतं. त्यांच्या ताटात परीक्षेची ती सोय कधी नव्हतीच.

वाचणारा माणूस भात की भाकरी? मला भाकरी म्हणायचा मोह होतो. पण ते माझ्या सोयीचं आहे म्हणून होतो, हेही कळतं. ज्याचा खालचा कप्पा भरलेला आहे तो भाकरी म्हणणारच.

यात गंमत अशी की ज्या पुस्तकांवरून माझी परीक्षा व्हायची, ती पुस्तकं याच म्हणीवर जगतात. बुटाला लागलेला चिखल, रक्षापात्रातलं थोटूक, बाहीचं तुटलेलं बटण. एवढ्याशा शितावरून शेरलॉक होम्स माणसाचा धंदा सांगतो, प्रवास सांगतो. त्याचं शीत सहसा चुकत नाही, कारण भात शिजवणारा आणि शीत उचलून हातात देणारा लेखक एकच असतो. अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड असल्या तर्काच्या फंदात फारसे पडत नाहीत. त्यांचा भर धाडसावर. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी शीत वेचत बसणं परवडलंही नसतं. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढचाच.

नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथलं कार्ड घरात होतं आणि त्यावर यायची ती जाड बांधणीची, मान देऊन वाचायची पुस्तकं. झुंजार यायचा तो मामाच्या घराजवळच्या दुकानातून. तिथे अनामत ठेवली की रोजच्या भाड्यानं पुस्तक मिळायचं. नवं पुस्तक आलं की दुकानदार आधी त्याला वरून-खालून पुठ्ठा लावायचा, दाभणानं कडेला भोकं पाडायचा आणि सुतळी ओवून करकचून आवळायचा. पुस्तक दहा वर्षं टिकायचं, पण नीट उघडायचं कधीच नाही. उजव्या पानावर प्रत्येक ओळीची सुरुवात शिवणीत गेलेली, डाव्या पानावर शेवट. ते शब्द आपले आपण लावून घ्यायचे. आणि इतकं शिवूनसुद्धा शेवटचं पान सगळ्यात आधी गळायचं. त्यातच कुणीतरी पेन्सिलवाला असायचा. एखादं पात्र पहिल्यांदा आलं की समासात बारीक अक्षरात ‘हाच खुनी’ लिहून मोकळा. कधी ते खरं निघायचं, कधी साफ थाप. तो कोण होता कळलं नाही, पण वाचकाला चकवण्याची कला त्याला कित्येक लेखकांहून चांगली साधली होती.

शेवटचं पान नसलं की मामा जेवताना शेवट रचून सांगायचा. तोंडात घास, डाव्या हातानं हवेत पिस्तूल. आजी म्हणायची, आधी जेव, मग मार त्याला. त्याचे काही शेवट असे बेतलेले असायचे की पुढे कधीतरी धड प्रत हाती आली तर छापील शेवट फिका वाटायचा. आणि धड प्रती थोड्याच हाती आल्या. म्हणजे माझ्या डोक्यात ज्या अर्णाळकरांच्या कथा आहेत त्यांतल्या बऱ्याच कथांचा शेवट अर्णाळकरांचा नाहीच. ओळींच्या सुरुवाती माझ्या, शेवट मामाचे, खुनी पेन्सिलवाल्यानं नेमलेला. याला अर्णाळकरांची आवड म्हणायचं का? आता त्यांचं पुस्तक सलग वाचायला घेतलं तर पन्नास पानांत दमायला होतं. संवाद खटकतात, योगायोग फार होतात, खलनायक उगाच हसतो. तरी खोकं टाकून द्यायचं म्हटलं की हात पुढे होत नाही. मग जपून ठेवलंय ते काय, साहित्य की मामा?

धारपांचं तसं नाही. धारप आजही धरतात. रिकाम्या वाड्यातला एखादा बंद दरवाजा ते असा काही साधेपणानं लिहितात की आपण रात्री उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून येतो. पण तिथेही एक काटा रुतून बसलाय. ‘लुचाई’ मी वाचली तेव्हा मला ते गाव ओळखीचं वाटलं होतं. चिरेबंदी वाडे, तिन्हीसांजेला ओस पडणारी गल्ली, नगरच्या जुन्या पेठांत अशा जागा पुष्कळ होत्या. पुढे कळलं की ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. म्हणजे माळीवाड्यात पांघरूण डोक्यावर ओढून मी भ्यायले होते ते अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका गावाला. 2018 च्या ‘तुंबाड’ चित्रपटाचंही तसंच: नाव पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं, बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेतलं, आणि त्या कथेचं मूळ पुन्हा किंगकडेच. भीती उसनी असली की ती खोटी होते का? माझी तर खरी होती, अंगाला घाम फुटला होता. उलट कधी वाटतं, भूत मराठी करून दाखवणं हे भूत शोधून काढण्याइतकंच अवघड असेल. आणि कधी वाटतं, हे मी धारपांची बाजू घ्यायची म्हणून म्हणते आहे.

मधल्या कप्प्याचा प्रश्न याहून अवघड. 1997 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नगरला झालं. अध्यक्ष होते ना. सं. इनामदार, ‘राऊ’वाले, ‘शहेनशहा’वाले. ‘शहेनशहा’ औरंगजेबावर, आणि औरंगजेब 1707 मध्ये मेला तो इथेच, भिंगारला. त्या जागेकडे, आलमगीरकडे, जाणारा रस्ता नगरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत असतो. बादशहाचं दफन पुढे खुलताबादला झालं, पण त्याचा शेवटचा श्वास आमच्या हवेत मिसळला. ‘शहेनशहा’ वाचून झाल्यावर मी मुद्दाम तिथे जाऊन आले होते. कादंबरीतला थकलेला, पोरांवर संशय घेणारा म्हातारा तिथे सापडेल अशी काहीतरी वेडी आशा होती. चिंचेची झाडं होती, शेळ्या होत्या, शांतता होती. म्हातारा पुस्तकातच राहिला. मग वाटलं, पुरावे थोडे आणि माणूस पुरता उभा करायचा, हेही शितावरून भात सांगणंच की! शिवाय ऐतिहासिक कादंबरीतही ठरलेले साचे आहेत, दरबार आहे, खलिता आहे, घोड्यांच्या टापा आहेत. तरी ती मधल्या कप्प्यात, कारण तिच्या पायाशी इतिहास आहे आणि इतिहासाला आपण उठून उभे राहतो.

विज्ञानकथेचंही भलं झालं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. आद्याक्षरं उलटी लावली की जयंत विष्णू नारळीकर. बक्षीस मिळालं. पुढे 2021 च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. मला त्यांच्या कथांतली माणसं पुठ्ठ्याची वाटतात आणि कल्पना अस्सल वाटतात; मी कल्पनांसाठी वाचते. पण अर्णाळकर किंवा धारप संमेलनाचे अध्यक्ष, हे वाक्य उच्चारून बघा. कानाला कसंतरीच होतं ना? मलाही होतं. ते होऊ नये असं वाटतं, तरी होतं. नगरमध्ये जन्मलेला आणि जगभर नाव झालेला लेखक विचारला तर उत्तर येतं स्पाइक मिलिगन, जन्म 1918, आणि तोही लोकांना हसवणारा. त्याला आम्ही फारसं आमचा म्हणत नाही. किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ मात्र आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.

मग सगळी पुस्तकं मिसळून लावून बघितली. लेखकाच्या आडनावाप्रमाणे, अर्णाळकरांपासून. आपट्यांच्या शेजारी झुंजार आला आणि इनामदारांनंतर थोड्याच अंतरावर टिळक, मग धारप. दिसायला समतेचं राज्य, पण मला एकही पुस्तक वेळेवर सापडेना. रात्री धारप हवे असले की हात आपोआप गुडघ्याशी जायचा आणि तिथे शिरवळकर, नाहीतर कुणाची तरी समीक्षा लागायची. हाताची सवय मोडावी की कपाट पूर्ववत करावं, हे अजून ठरत नाही. सध्या अर्धं कपाट एका पद्धतीनं आहे, अर्धं दुसऱ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, घरात रंगकाम निघालंय.

माझी मतं विचाराल तर आहेत. मतकरींची ‘खेकडा’ कुठल्याही कप्प्यात ठेवा, मराठीतल्या चांगल्या कथांत ती बसते. धारप उत्तम, पण एका बैठकीत एकच. शिरवळकरांचा फिरोज इराणी मला दारा बुलंदपेक्षा आवडतो. नाईक आता वाचवत नाहीत. अर्णाळकरांबद्दल मत द्यायला मी लायक उरलेली नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

आणि एक विनंती. या रहस्यकथांच्या पुस्तिका हलक्या कागदावर छापलेल्या. आता त्या पिवळ्या पडल्या आहेत, कडा हाताला लावताच तुटतात. तुमच्या माळ्यावर एखादा गठ्ठा असेल तर रद्दीला घालण्याआधी उलटून बघा. शेवटचं पान शाबूत असेल तर ते जपा. खुनी कोण होता, तेवढं मात्र मला कळवू नका.