डाव्या खांद्याची बंदूक

वाचकहो, आपल्या घरी कोणी डावखुरे असेल, तर त्याने उजव्या हाताने जेवावे हा आग्रह आपणही धरला असेल. माझ्या आईने धरला. जेवण व लेखन उजव्या हाताला साधले. बंदूक मात्र पन्नाशीत डाव्याच खांद्याला जाऊन बसली.

ज्या ट्रॅप नेमबाजीत बिकानेरच्या महाराजा करणीसिंहांनी 1962 साली कैरो येथे जागतिक रौप्यपदक मिळविले, तोच हा खेळ. 110 मिलिमीटरची उडती तबकडी फोडावयाची. कोरमंगलातील एका स्नेह्याच्या समक्ष, त्याच्या बारा बोरच्या दुनळीने मी सराव करी. गालावर निळा वण उठे आणि छर्रे नेहमी तबकडीच्या उजवीकडून जात. दोष माझ्या हाताचाच, असे मी धरून चाललो. पुढे नीट न्याहाळले, तो दस्ताच किंचित उजवीकडे वळविलेला! त्यामुळे माझा डोळा नळीच्या मध्यरेषेच्या उजवीस पडे, आणि डोळा सरकेल तिकडेच छर्रेही सरकतात.

तेव्हा परवाना मिळाल्यावर घाई करू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला बोट खांबावरच दिसते, तो प्रमुख. तो डावा असल्यास दस्ता डावीकडे वळलेला, निदान सरळ तरी, घ्यावा. मुठीचा फुगवटाही डाव्या तळव्याचा हवा. नळ्या उघडण्याची कळ उजव्या अंगठ्यासाठी असते खरी. पण तिची सवय होते.

माझी नवी बंदूक घरी आली, तेव्हा आईने दस्त्यावरून हात फिरविला. म्हणाली, “डावखुऱ्यांसाठी निराळी करतात होय?”