एर्झुरूमहून बाबांना

दोऊ एक्स्प्रेस, जानेवारी



काल संध्याकाळी अंकाऱ्याहून निघाले. गाडी कार्सपर्यंत जाते, १,३०० किलोमीटरहून जास्त. मी अलीकडेच एर्झुरूमला उतरेन. एर्झिंजानपासून रूळ करासू नदीला धरून चाललेत. हीच पुढे युफ्रेटिस होते म्हणे. इथे मात्र बर्फातली काळी रेघ.

समोरच्या आजींनी विचारलं, ऐन थंडीत तिकडे काय काम? माझ्या मोडक्यातोडक्या तुर्कीत सांगितलं, ‘इलाच’, औषध. त्यांनी लगेच दुखरा गुडघा पुढे केला. आता त्यांना कसं सांगू की माझं औषध अजून औषध झालेलंच नाही!

‘एवढ्या लांब कशाला?’ हे तुम्हीही विचारलं होतंत. उत्तर तुमच्या फ्रीजच्या दारात आहे, काचबिंदूच्या थेंबांच्या बाटलीत. त्यातलं डॉर्झोलामाइड कार्बोनिक अनहायड्रेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट बनवतं. त्याच्या जोरावर डोळ्यात पाणी झिरपतं. ते साचलं की दाब वाढतो. एन्झाइमच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो, सल्फोनामाइड जातीचा रेणू नेमका तोच धरून बसतो. सल्फाच्या औषधाने हे एन्झाइम बंद पडतं, हे मॅन आणि कीलिन यांनी केंब्रिजमध्ये १९४० साली दाखवलं. त्यातून पुढे अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या आल्या. पण गोळी साऱ्या अंगात फिरते, बोटांना मुंग्या येतात. याच जातीचे, डोळ्यात घालायचे थेंब मिळायला १९९५ साल उजाडलं.


एर्झुरूम, फेब्रुवारी

गाव समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरवर. पारा उणे २०च्या खाली गेला तरी कोणी त्याची चर्चा करत नाही. चहा पिताना साखरेचा खडा दातांत धरायचा आणि वरून बिनसाखरेचा चहा ओढायचा, ही इथली रीत. आई बघेल तर म्हणेल, दातांची वाट लावून घे!

अतातुर्क विद्यापीठ १९५७ सालचं. इथले लोक ही एन्झाइमं माणसाच्या रक्तातून काढतात, त्यासाठी आले. तांबड्या पेशी फोडायच्या आणि तो लाल रस बारीक मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळीत ओतायचा. मण्यांवर सल्फानिलामाइड टांगलेलं असतं. बाकी सगळं, हिमोग्लोबिनसुद्धा, खाली वाहून जातं; आमचं एन्झाइम तेवढं अडकतं. ज्याने त्याला बंद पाडायचं, त्याच्याच गळाला ते लागतं! मग एका क्षाराच्या पाण्याने एन्झाइमचा पहिला प्रकार सोडवायचा, दुसऱ्याने दुसरा. लाल नळी बघता बघता पांढरी होत जाते. मी ते बघायला मुद्दाम उभी राहते.

माझे रेणू म्हणजे हायब्रिड. तुम्ही आंब्याचं कलम बांधता तसंच, एकाचा खुंट, दुसऱ्याची काडी. जस्त धरायला सल्फोनामाइड, आणि त्याला जोडलेला चाल्कोन नावाचा तुकडा, जो एन्झाइमच्या पोटातल्या, जस्ताच्या गुहेच्या तोंडाशी टेकावा अशी अपेक्षा. बांधणं त्या मानाने सोपं. कस लागतो तो तपासणीत.

छोट्या चौकोनी क्युव्हेटमध्ये एन्झाइम, माझा रेणू आणि पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट. एन्झाइम कामावर असेल तर हे फुटून पिवळा पदार्थ तयार होतो. यंत्र तीन मिनिटं ३४८ नॅनोमीटरला वाचत राहतं. रेघ चढली, तर माझा रेणू निकामी. आडवी पडली, तर पकड बसली. शेजारी दरवेळी अ‍ॅसिटाझोलामाइडही तपासायचं, कारण जुन्याशी तुलना केल्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही.


एर्झुरूम, मार्च

आकडे चांगले आलेत. काही रेणू नॅनोमोलर मात्रेतच एन्झाइम बंद पाडतात. आईने पेढे आणण्याआधी मात्र पुढचं वाचा.

माणसाच्या शरीरात या एन्झाइमचे १५ प्रकार आहेत. माझे रेणू पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराला जवळजवळ सारखंच धरतात. मला हवा तो एकच प्रकार धरणारा रेणू, आणि तो यात नाही. या विषयात असे सुंदर तक्ते ढिगाने छापले जातात आणि बरेचसे तिथेच थांबतात. नळीतल्या आकड्याला औषधाचं नाव देण्याची घाई मला पटत नाही.

टॅक्रीनचंच घ्या. अल्झायमरसाठी १९९३ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि यकृताच्या त्रासापायी मागे पडलं. रसायनवाल्यांनी त्याला सोडलं नाही, कित्येक हायब्रिडांचा अर्धा भाग आजही तेच. २००२ साली रसायनशास्त्रज्ञ शार्पलेस यांच्या चमूने तर कमाल केली. टॅक्रीनचा तुकडा आणि दुसरा एक तुकडा, टॅक्रीन ज्याला अडवतं त्या वेगळ्याच एन्झाइमसोबत ठेवले, आणि त्या एन्झाइमने आपल्याच गुहेत दोन्ही जोडले. पकड विलक्षण घट्ट. औषधाच्या दुकानात मात्र तो रेणू आलेला नाही.

आता चाल्कोनच्या जागी दुसरी काडी लावून बघणार आहे. त्यातून काही निघालं, तरी पेशी, प्राणी, मग माणसं, म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका आणि थेंब चुकवू नका. घशात कडू लागतं म्हणता ना? थेंब घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरतं, ते बरंचसं थांबेल.

तुमची,
धाकटी