पाटी लावलेली टोळी

दार सरकलं आणि आवाज अंगावर कोसळला. हजारो पोलादी गोळ्या एकाच वेळी पत्र्यावर ओतल्यासारख्या, त्यावर भसाडं संगीत, आणि या गदारोळात ओळीनं बसलेली गप्प माणसं. सकाळचे साडेदहाच वाजले होते. ओसाकातलं हे पाचिंको पार्लर. अकरा मिलिमीटरची गोळी, चार येनला एक. उभ्या यंत्रात ती उडवायची, खिळ्यांवर आपटत ती खाली येते, नेमक्या भोकात गेली तर आणखी गोळ्या बाहेर पडतात. माझ्या गोळ्या बघता बघता गडप झाल्या. शेजारच्या आजींना मात्र लॉटरीच लागली होती.

माझे यजमान कानाशी येऊन ओरडले, "आता पुढचं बघा."

आजींनी काउंटरवर गोळ्या मोजून घेतल्या. बदल्यात मिळालं एक चॉकलेट आणि काही चपट्या, सीलबंद प्लास्टिकच्या डब्या. त्या घेऊन आजी बाहेर पडल्या, कोपऱ्यावर वळल्या. तिथं भिंतीत एक छोटी खिडकी होती. आतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि सरकता ट्रे. डब्या आत गेल्या, नोटा बाहेर आल्या. आजींनी त्या पर्समध्ये टाकल्या आणि निघाल्या.

जपानच्या दंडसंहितेत जुगार हा गुन्हा आहे. पण हा जुगार नाही! पार्लरनं पैसे दिलेच नाहीत, बक्षीस दिलं. खिडकीवाला वेगळा धंदेवाईक, त्यानं जुन्या वस्तू विकत घेतल्या. त्या डब्या तिसरा घाऊक व्यापारी उचलतो आणि पुन्हा पार्लरला विकतो. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं सगळे मानतात. पोलिसही मानतात. मी हसू लागलो, तर यजमान गंभीरपणे म्हणाले की पूर्वी पार्लरच्या दाराशी बक्षिसं विकत घ्यायला याकुझा, म्हणजे इथल्या टोळ्यांचे गुंड, उभे असायचे आणि मधली कमाई खायचे. त्यांना हुसकावण्यासाठी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला याच ओसाकात ही तीन दुकानांची साखळी उभी राहिली. खिडकीमागचं काम विधवांना आणि अपंगांना मिळावं, असाही त्यात हेतू होता. पळवाटसुद्धा कल्याणकारी! या देशात कायद्याला बगल द्यायची तरी रीतसर देतात.

खुद्द याकुझांचं तेच. आपल्या मुंबईतला भाई वॉरंट निघालं की दुबई गाठायचा. इथं टोळीच्या कचेरीला पत्ता असायचा, दारावर बोधचिन्ह, खिशात व्हिजिटिंग कार्ड. टोळीत असणं हा आजही गुन्हा नाही. 1992 साली लागू झालेल्या कायद्यानं टोळ्यांवर बंदी घातली नाही, त्यांची नोंद केली. पोलीस दरवर्षी यादी काढतात: टोळीचं नाव, मुख्यालय, म्होरक्या, माणसं किती.

कोबेच्या नादा भागात, शांत मध्यमवर्गीय वस्तीत, उंच भिंतींचा एक वाडा आहे. यामागुची-गुमीचं मुख्यालय. 1915 मध्ये कोबेच्याच बंदरात गोदी कामगारांचा मुकादम असलेल्या यामागुची हारुकिचीनं ही टोळी सुरू केली आणि ती देशातली सर्वांत मोठी झाली. 2015 साली ती फुटली, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि 2020 पासून हा वाडा वापरायला मनाई आहे. भिंतीपलीकडे काही दिसत नाही. फोटो काढू का, असं विचारल्यावर यजमानांनी नुसती मान हलवली.

1995च्या भूकंपात याच वाड्यातून लोकांना पाणी आणि अन्न वाटलं गेलं, तेही सरकारी मदतीच्या आधी. परदेशी पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते. मला ती ऐकून वाटलं, खंडणी देणाऱ्या दुकानदारांपैकी किती जण त्या रांगेत उभे असतील?

खरा दणका 2011 मध्ये बसला. तोवर देशातल्या सगळ्या प्रांतांनी नियम केले की टोळीशी व्यवहार करणाराच अडचणीत येईल. बँकेत खातं उघडताना, घर भाड्यानं घेताना, 'मी समाजविघातक टोळीचा नाही' असं लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं की फसवणूक. ओळख लपवून गोल्फ खेळल्याबद्दल याकुझांना अटक झाली आहे, गोल्फ खेळल्याबद्दल! टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं बँकेचं दार बंद, मग पगार जमा व्हायचा कुठं? 1963 मध्ये 1,84,000 असलेला आकडा 2024 अखेर 18,800 वर आला आणि त्यातले निम्म्याहून अधिक पन्नाशी ओलांडलेले.

उत्पन्न आटलं तशी काही टोळकी समुद्रात उतरली. रात्री पाणबुड्यांकरवी समुद्रकाकड्या आणि अबालोन शिंपले चोरायचे. सुकवलेल्या समुद्रकाकडीला चिनी मेजवान्यांत मोठा भाव आहे. 2020च्या डिसेंबरपासून या चोरीला तीन वर्षं कैद किंवा 3 कोटी येनपर्यंत दंड आहे. समुद्रकाकडी म्हणजे बुळबुळीत, काटेरी वळवळ. तिच्यासाठी 3 कोटी!

रिकाम्या झालेल्या जागेत मात्र सज्जन आले नाहीत. मोबाइलवर 'झटपट कमाई'ची जाहिरात येते, कर्जबाजारी पोरं तिला भुलतात, आणि अनोळखी आवाजाच्या हुकमावरून अनोळखी घर फोडतात. 2022-23 मधल्या दरोड्यांची सूत्रं 'लुफी' या टोपणनावानं मनिलातल्या इमिग्रेशन कोठडीतून फोनवर हलत होती. टोकियोच्या कोमाए उपनगरात नव्वद वर्षांच्या एका बाईंचा त्यात जीव गेला. पोलिसांनी या प्रकाराला 'तोकुर्यू' म्हणायला सुरुवात केली आहे: निनावी, वाहत्या टोळ्या. यांना कचेरी नाही, कार्ड नाही, यादीत घालायचं तर नाव नाही. पकडला जातो तो पोऱ्या, आणि त्यालाही आपला साहेब कोण ते ठाऊक नसतं. मागच्या बाजूनं याकुझाही यात वाटा घेतात, असं पोलीस म्हणतात.

यजमानांच्या वृद्ध आई एकट्या राहतात. फोनवरून गंडवणाऱ्यांना टाळायला, पोलिसांच्या सल्ल्यावरून, त्यांचा घरचा फोन आता कायम आन्सरिंग मशीनवर असतो. मुलानं केला तरी आधी नाव सांगावं लागतं, मग त्या आवाज ओळखतात आणि उचलतात. आम्ही निघताना यजमानांनी फोन लावला आणि आधी मशीनला आपलं नाव सांगितलं.